किती फूट झालं?

जुलै संपत आला आणि कोयनेच्या खोऱ्यात पावसानं मुक्काम ठोकला, की सांगलीत एकच प्रश्न फिरायला लागतो : "किती फूट झालं?" कशाचं, ते कुणी सांगत नाही. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्या-मुंबईला गेलेली मुलं फोनवर नमस्काराच्या आधी विचारतात. उत्तरही तेवढंच त्रोटक असतं. "अठ्ठावीस. चढतंय."

हा आकडा आयर्विन पुलापाशी मोजलेला असतो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पण सांगलीकराच्या डोक्यात या दोन आकड्यांच्या मध्ये आणि वरखाली अख्ख्या गावाचा नकाशा असतो. अमुक फुटाला सूर्यवंशी प्लॉटमधल्या लोकांनी सामान बांधायला घ्यायचं, तमुक फुटाला दत्तनगर, मग कर्नाळ रोड, मग कुठली पेठ, कुठला चौक. माझं बालपण गावभागात गेलं. आमच्या घरी पावसाळ्यात रोज संध्याकाळी आजोबा नदीवर जाऊन यायचे, चप्पल काढता काढता आकडा सांगायचे, आणि आजी त्यावरून ठरवायची की धान्याच्या कणग्या माळ्यावर चढवायच्या की अजून दोन दिवस थांबायचं. या पुलाच्या गोष्टी मला त्या दोघांकडून मिळाल्या. काही खऱ्या, काही ऐकीव, काही दोघांनी वेगवेगळ्या सांगितलेल्या.

कागदावर जे आहे ते थोडक्यात असं. कृष्णेच्या डाव्या काठाला सांगली, समोर उजव्या काठाला सांगलीवाडी. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत या दोन काठांना जोडणारा दगडी कमानींचा पूल उभा राहिला आणि १९२९ साली तो रहदारीला खुला झाला. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला दिलं गेलं. पुलावरून निघालेला रस्ता सांगलीवाडीतून इस्लामपूरकडे आणि पुढे पेठनाक्याला पुणे-बंगळूर रस्त्यावर जातो. हळद, गूळ, शेंगा यांच्या बाजारपेठेला पश्चिमेकडचं दार मिळालं ते या पुलानं.

आजीला हे दार फार वेगळ्या कारणानं महत्त्वाचं वाटायचं. तिचं माहेर सांगलीवाडी. गावभागातल्या आमच्या गच्चीवरून तिच्या माहेरची झाडं दिसायची. पण तिच्या आईच्या पिढीला हे अंतर पावसाळ्याचे चार महिने ओलांडता येत नसे. आंबी लोक नाव चालवायचे. उन्हाळ्यात पात्र आटलं की लोक पाण्यातून चालतही यायचे. मृग लागला, पाणी गढूळ झालं, ओढ वाढली, की नाव बंद. मग या काठावर कोण आजारी पडलं, त्या काठावर कोण बाळंत झालं, याचा पत्ता दिवसचे दिवस लागायचा नाही. आजीची एक थोरली चुलती सांगलीतून सांगलीवाडीत दिलेली होती. श्रावणात तिची आई गेली. निरोप हाकेनं दिला गेला. एकानं घाटावर उभं राहून ओरडायचं, दुसऱ्या काठावरच्यानं कान देऊन ऐकायचं आणि धावत घरी जाऊन सांगायचं. चुलती काठावर आली, पलीकडचा धूर बघितला आणि घरी परत गेली. तिला शेवटचं तोंड बघता आलं नाही. आजी ही गोष्ट सांगताना कधी रडली नाही. "पूल असता तर चालत गेली असती," एवढंच म्हणायची.

म्हणून पूल कशासाठी बांधला, असं शाळेत कुणी विचारलं की मी व्यापाराचं, दळणवळणाचं ते उत्तर लिहायचे. आणि मनात मात्र ती काठावरून परतलेली बाई असायची.

पूल बांधला जात होता तेव्हा आजोबा दहा-बारा वर्षांचे होते. पुलाचं काम बघायला जाणं हा त्या वयाच्या पोरांचा उद्योग. त्यांनी सांगितलेली कामाची रीत मी पुढे स्थापत्याच्या पुस्तकांतून ताडून पाहिली, तेव्हा त्या पोरवयातल्या नजरेनं किती नीट टिपलं होतं ते कळलं.

नदीत काम करायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि रोहिणी संपेपर्यंत काम काठाला आणावं लागतं. त्यात आधी पाया. पात्रात बांध घालून एक तुकडा कोरडा करायचा, आत शिरणारं पाणी उपसत राहायचं, आणि गाळ, वाळू, माती काढत काढत कठीण दगडापर्यंत उतरायचं. कृष्णेचा काठ म्हणजे मळईचा, काळ्या खोल मातीचा. तिच्यावर पिकं सोन्यासारखी येतात, पण वजन टाकायला ती माती विश्वासाची नाही. पुलाला वरून जाणाऱ्या गाड्यांपेक्षा पायाशी घुसणाऱ्या पाण्याचं भय जास्त. पुराचं पाणी खांबाला अडतं, तिथं भोवरा धरतं आणि खांबाच्या बुडाची माती उकरून नेतं. पाया खडकावर नसेल तर खांब आपोआप कलतो. म्हणून जुन्या दगडी पुलांचे खांब पाण्याच्या बाजूला निमुळते, टोकदार घडवतात. पाणी तिथं फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. होडीचं नाक जसं असतं तसंच हे नाक, फक्त होडी पुढे जाते आणि इथं पाणी पुढे जातं.

खांब वर आले की कमानी. आजोबांना सगळ्यात जास्त आठवायचं ते हे. कमान पुरी होईपर्यंत स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तिच्याखाली आधी लाकडाचा भरभक्कम साचा उभा करतात, कमानीच्या पोटाच्या बरोबर आकाराचा. त्या साच्यावर घडीव दगड दोन्ही बाजूंनी बरोबरीनं चढवत न्यायचे. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागं राहिली तर साचा कलतो. प्रत्येक दगड वरच्या अंगाला किंचित रुंद आणि खालच्या अंगाला किंचित अरुंद असतो. पाथरवट तो खाली काठावर घडवायचा, आणि वर तो बसला नाही तर पुन्हा खाली आणायचा. शेवटी माथ्यावरचा कळीचा दगड ठोकून बसवला की दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना रेटून धरतं. त्यानंतर साचा काढायचा, तोही एकदम नाही. पाचरी सैल करत, हळूहळू, दिवस घेऊन. "साचा उतरवायच्या दिवशी काठावर कुणी मोठ्यानं बोलत नसे," आजोबा सांगायचे. कमानीतून बारीक करकर आवाज यायचा, दगड आपापल्या जागी बसल्याचा. मग मिस्त्री खालून चालत जायचा. तो पहिला.

आणखी एक गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली होती, ती मला पुस्तकात सापडली. एकामागोमाग कमानी असतात तेव्हा मधल्या खांबावर दोन्ही बाजूंनी रेटा येतो आणि तो एकमेकांना तोलतो. एक कमान काढून घेतली तर शेजारचीही धोक्यात येते. काठावरच्या दोन टोकांना मात्र हा तोल मिळत नाही, म्हणून तिथलं बांधकाम फार जाडजूड असतं.

चुन्याच्या घाणीबद्दल तर त्यांना तासभर बोलायला लावावं. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, मग वाळूबरोबर गोल चरात घालून बैलाकरवी दगडी चाक फिरवत मळायची. चुन्यात गूळ घालतात, हिरड्याचं पाणी घालतात, बेलफळाचा गर घालतात, हे जुन्या गवंड्यांच्या घरोघर सांगतात. गुळाच्या पेठेत वावरणाऱ्या आजोबांना त्याची विशेष खात्री होती. आयर्विनच्या सांध्यात सांगलीचा गूळ आहे, असं ते आम्हाला शपथेवर सांगायचे. सांध्यात काय आहे ते सांध्यालाच ठाऊक. पण पुलाशेजारून जाताना मी भिंतीला हात लावून तो बोटाला लागतो का बघत असे.

आता ती गोष्ट, जी सांगताना आजी आवाज खाली आणायची. पुलाचं काम चालू होतं तेव्हा तिला तिच्या आईनं संध्याकाळी घराबाहेर पडू दिलं नाही. "पूल मुंडकी मागतो," अशी वदंता गावभर होती. खांब टिकत नाही, नदी तो खाते, मग कंत्राटदाराची माणसं रात्री पोती घेऊन फिरतात आणि पोरं पळवतात. ही गोष्ट एकट्या सांगलीची नाही. जिथं जिथं मोठा पूल झाला, धरण झालं, रेल्वेचा बोगदा झाला, तिथं तिथं ती सांगितली गेली. पुढे कोयनेचं धरण होतानाही आमच्या नात्यातल्या पाटण तालुक्यातल्या बायका हेच सांगत होत्या.

लहानपणी भीती वाटायची. मोठेपणी मला या गोष्टीत दुसरं काही दिसायला लागलं. पुलाच्या कामावर माणसं खरोखर मरत असत. पाणी उपसताना बांध फुटून, उंचावरून दगड सुटून, साच्यावरून पाय घसरून, काठावरच्या झोपड्यांत पटकी पसरून. दगड फोडणारे वडार, घडवणारे पाथरवट, घमेली वाहणाऱ्या बायका, त्यांची पाळण्यातली पोरं. काम संपलं की पालं उठली, माणसं दुसऱ्या कामावर गेली. पुलावर व्हाइसरॉयचं नाव लागलं. यांच्यापैकी एकाचंही नाव कुठं लागलं नाही. गावाला एवढंच कळलं की या बांधकामात माणसं गेली आहेत, आणि गावानं ती गोष्ट स्वतःला समजेल अशा रीतीनं सांगितली. नदीनं बळी घेतला म्हणाले. नदीनं मागितला नव्हता.

नावाबद्दल मला आणखी थोडं बोलायचं आहे. १९२९ हे वर्ष आयर्विनसाहेबांसाठी साधं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस आयर्विन यांनी हिंदुस्थानला वसाहतीचं स्वराज्य देण्याच्या हेतूची घोषणा केली. डिसेंबरात दिल्लीजवळ त्यांच्याच आगगाडीखाली बॉम्बचा स्फोट झाला आणि आठवडाभरात लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. अशा वर्षी एका मराठी संस्थानानं आपल्या सर्वांत मोठ्या बांधकामाला त्यांचं नाव दिलं. संस्थानिकांची ती रीतच होती. दहा वर्षं आधी, १९१९ साली सांगलीजवळ निघालेल्या कॉलेजालाही मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या विलिंग्डन यांचं नाव आहेच. चिंतामणराव स्वतः पुढे १९३० च्या गोलमेज परिषदेला संस्थानिकांच्या बाजूनं लंडनला गेले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. शिक्षण, उद्योग, शेती यांत त्यांनी संस्थानासाठी मनापासून केलं आणि हा पूल त्यांच्या कामांतलं सर्वांत टिकाऊ काम आहे. तरी एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. संस्थानाची तिजोरी म्हणजे रयतेचा शेतसारा. नाव दिल्लीच्या साहेबाचं, पैसा कवठ्या-तुंगच्या शेतकऱ्याचा, अशा शब्दांत आजोबा ते सांगायचे. ते काही क्रांतिकारक नव्हते. पेठेत हिशेबनीस होते.

क्रांतिकारक मात्र या काठानं पाहिले. २४ जुलै १९४३. आमच्या घरात ही तारीख तिथीसारखी पाळली जायची. त्या दिवशी दुपारी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून, तटावरून उड्या टाकून ते नदीच्या दिशेनं पळाले. कृष्णा तेव्हा दोन्ही काठ भरून वाहत होती. मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांना खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. आजोबा त्या वेळी ऐन पंचविशीतले. गोळ्यांचे आवाज पेठेत ऐकू आले, दुकानांच्या फळ्या पडल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी नदीचा आकडा बघायला कुणीही गेलं नाही. पुराच्या दिवसांत आकडा चुकला तो तेवढाच, असं आजी म्हणायची. पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेल्या दादांची समाधी आज याच काठावर, पुलापासून जवळच आहे. तिथं उभं राहिलं की एकीकडे तुरुंगाची दिशा आणि समोर कमानी. ज्यांना हा इतिहास शिकवायचा आहे त्यांनी मुलांना वर्गात बसवू नये, इथं आणावं.

पूल आणि नदी यांचं सांगलीशी नातं भीतीचं नाही, हे बाहेरच्यांना समजावून सांगताना मला नेहमी कठीण जातं. पाणी चढायला लागलं की बायका ओटी घेऊन घाटावर जातात. खण, नारळ, तांदूळ. कृष्णामाई माहेरवाशीण, दारापर्यंत आली आहे, तिला रिकामी कशी पाठवायची? आजीच्या मागं मीही गेले आहे. सांगलीवाडीची पट्टीची पोहणारी पोरं पुलाच्या कठड्यावरून पुराच्या पाण्यात उड्या टाकतात आणि दूर खाली घाटाला लागतात. आता पोलीस अडवतात, ते योग्यच करतात, पण बघणाऱ्यांची गर्दी हटत नाही. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात. संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशी सरकारी घाटावर विसर्जन होतं. हे सारं पुलाच्या सावलीत चालतं. आणि प्रत्येकाच्या तोंडी एक आकडा असतो.

हा आकडा माझ्या मनातून खेळाचा विषय म्हणून गेला तो २००५ साली. आमच्या पिढीनं तोवर एवढं पाणी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी आयर्विनपाशी पाणी ५३ फुटांवर गेलं. आजोबा तेव्हा नव्हते, आजीही नव्हती. पाणी गल्लीत आलं तसं आम्ही माळ्यावर नेलं ते धान्य आणि त्यांच्या तसबिरी. पण त्या पुरानं जे सर्वांत मोठं नेलं ते आमच्या घरातलं नव्हतं.

सांगलीच्या शेजारी, जिथं वारणा कृष्णेला मिळते त्या हरिपुरात, हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे खड्डे. तिथल्या मातीचा गुण असा की आत ओल धरत नाही. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, भाव येईल तेव्हा निघायची. पेवाच्या पावतीवर व्यवहार व्हायचे, एकाच हळदीची मालकी बदलत राहायची आणि हळद आहे तिथंच. लहानपणी हरिपूरला चिंचांच्या झाडांखालून जाताना आजोबा पायाखालची जमीन दाखवून म्हणायचे, "इथं पिवळं सोनं पुरलंय." २००५ च्या पुराचं पाणी या पेवांत शिरलं. हळद कुजली, पेवं ढासळली. पिढ्यानुपिढ्या चालत आलेली साठवणुकीची ती पद्धत त्यानंतर सावरली नाही. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे गेला. एवढी वर्षं पेवं तिथं सुरक्षित राहिली, याचा अर्थ पाणी तिथवर इतक्या जोरानं आणि इतके दिवस येत नव्हतं. हा पुरावा कुठल्याही पाणीमापकाएवढाच पक्का आहे, आणि तो आम्ही गमावला.

२०१९ चा ऑगस्ट त्याहून भयंकर. पाणी ५७ फूट ओलांडून गेलं. कमानींची पोटं भरत आली. पूल पाण्यावर होता आणि पुलाकडे जाणारे रस्ते पाण्याखाली. दुकानांच्या पाट्या तेवढ्या वर दिसत होत्या. नव्वद वर्षांपूर्वी ज्या दोन काठांना जोडलं होतं ते पुन्हा नावेनंच जोडले गेले. त्याच दिवसांत पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं सुरक्षित जागी नेणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांपलीकडे. ज्या घरांच्या भिंतींची ओल अजून गेली नव्हती, त्यांच्यावर नवी रेघ उमटली.

यानंतर वाद सुरू झाले, अजूनही चालू आहेत. कोयना आणि चांदोली धरणांतून पाणी सोडण्याची वेळ चुकली का? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा इथवर येतो का? शासनानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं अहवाल दिला, त्यावर आक्षेप आले. अलमट्टीची उंची वाढवण्याला इथल्या लोकांचा कडवा विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे. १०५ टीएमसीची कोयना भरत आलेली असताना पाऊस थांबला नाही तर पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसतं, हेही खरं आहे. या वादाचा निकाल लावणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण पुलावर उभं राहून जे साध्या डोळ्यांना दिसतं, ते बोलायला अहवाल लागत नाही.

गावात पाणी आधी नदीच्या काठावरून येत नाही. ते नाल्यांतून उलटं येतं. शेरीनाला एरवी गावाची घाण कृष्णेत ओततो. नदी चढली की तोच नाला नदीला गावात घेऊन येतो. जिथं आज प्लॉट पडलेत, बंगले आणि अपार्टमेंट उभी आहेत, त्यातल्या कितीतरी जागांना आजोबांच्या तोंडी वेगळी ओळख होती. कुठं पाण्याची ओत, कुठं म्हशी बसायचं डबकं, कुठं मळईचं रान. "तिथं शेत करावं, घर करू नये," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या जागांबद्दल ऐकलंय की माझ्या डोक्यात तो एक नकाशाच आहे. २०१९ ला पाणी आलं ते त्या नकाशावरून चालत आलं. नदीनं नवी वाट काढली नव्हती. आम्ही तिच्या वाटेत भर घातली, वर पायऱ्या चढवून दारं लावली आणि पूररेषा कागदावर निळ्या-लाल रंगात आखून ठेवली.

पुलाच्या बांधणाऱ्यांनी काय केलं होतं ते आठवून पाहावं. त्यांच्याकडे उपग्रह नव्हते. काठावरच्या म्हाताऱ्यांना विचारून, देवळांच्या पायऱ्यांवरच्या खुणा बघून त्या काळी पुराची उंची ठरवत. आणि त्यांनी पाण्याला वाट ठेवली, आजच्यापेक्षा कितीतरी मोठी वाटावी एवढी. कमानी उंच घेतल्या, पोटं मोठी ठेवली. कोरड्या उन्हाळ्यात त्या पुलाखालून जाताना वाटतं, एवढ्याशा नदीला एवढा पूल कशाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर मिळालं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्यानंतर राज्यभरातल्या जुन्या पुलांकडे सगळ्यांचे डोळे गेले आणि आयर्विनचं वय आमच्याही लक्षात आलं. अवजड वाहनं त्यावरून बंद झाली. आता शेजारी समांतर पूल उभा आहे. चांगली गोष्ट आहे. शंभरीला टेकलेल्या दगडी पुलावर उसाचे ट्रक घालणं हा त्याच्यावर अन्याय होता. मात्र जुन्या पुलाला केवळ शोभेची वस्तू करून टाकू नये. सांध्यांत उगवणारे पिंपळाचे कोंब दरवर्षी मुळासकट काढले पाहिजेत. पिंपळाचं मूळ जे करतं ते पुराला करता येत नाही. पायाशी पाण्यानं किती उकरलं आहे ते पाणबुड्यांकडून तपासून घेतलं पाहिजे. दगडी कमान नीट राखली तर अजून शंभर वर्षं सहज उभी राहते. पायाशी दुर्लक्ष झालं तर एका रात्रीत जाते.

आणि पुलावरच्या फुटांच्या खुणा रंगवलेल्या राहिल्या पाहिजेत. नदीची पातळी मोजायला आता यंत्रं आली, आकडा मोबाइलवर येतो. तो येवो. पण पाणी पाहत, आकडा वाचत आणि त्यावरून आपलं घर कुठं आहे हे ओळखत वाढलेली माणसं गावात असणं, ही दुसरी गोष्ट आहे. आजोबांना अमुक फुटाला कुठली गल्ली भिजते हे कुणी नकाशावर दाखवलं नव्हतं.

सांगलीत घर घेणार असाल, तर बिल्डरचा कागद बघाच. पण त्याआधी त्या गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसा. २००५ ला पाणी कुठवर होतं, २०१९ ला कुठवर होतं, आणि त्या वेळी आयर्विनवर किती फूट होतं, ते विचारा. सांगतील तो आकडा घराच्या भिंतीवर, मुलांना दिसेल अशा उंचीवर, तारखेसकट लिहून ठेवा.